उमेदवाराला विरोध सहन होतो का?

१९७१ च्या डिसेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी, आमच्या नाशिकच्या घरातील खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले होते. वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात नोकरीला होते. अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी रेडिओवर सुरू झाली, तेव्हा त्यांनी आम्हा मुलांना गप्प बसवले होते. "त्या निक्सनचा आपल्यावर एवढा राग का?" असे आईने विचारल्याचे मला स्पष्ट आठवते. वडिलांचे उत्तर आठवत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली, की प्रत्येक उमेदवाराकडे मी आईच्या त्या प्रश्नाच्या आधारे पाहतो: अनुभव किती यापेक्षा स्वभाव कसा, हे आधी तपासतो.

कारण तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना परराष्ट्र व्यवहार कळत नव्हता, असे कोणीही म्हणू शकणार नाही. आठ वर्षे उपाध्यक्षपद भूषवलेला, जग फिरलेला, चीनशी संबंध जोडण्याचे धाडस करणारा तो नेता होता. पाकिस्तानच्या याह्या खानांमार्फतच चीनशी गुप्त संपर्क चालू असल्यामुळे त्यांच्या पाकिस्तानधार्जिण्या भूमिकेमागे हिशेब होता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पुढे खुल्या झालेल्या ध्वनिफितींत इंदिरा गांधींविषयी आणि एकूणच भारतीयांविषयी त्यांनी काढलेले उद्गार ऐकले, की त्या हिशेबात द्वेष किती मिसळला होता हे लक्षात येते. ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्ये, आपल्या सहकाऱ्यांच्या असहमतीचे निवेदन तारेने वॉशिंग्टनला पाठवले. पूर्व पाकिस्तानात चाललेल्या कत्तलीबद्दल आपले सरकार मौन बाळगून आहे, हा त्यांचा आक्षेप होता. प्रत्यक्ष जागेवरून आलेला हा इशारा विचारात घेण्याऐवजी ब्लड यांनाच ढाक्यातून हलवण्यात आले. न आवडणारी माहिती आणणाऱ्या माणसाशी अध्यक्ष कसा वागतो, ही माझ्या मते स्वभावाची खरी परीक्षा असते, आणि अनुभवी निक्सन तीत नापास झाले.

त्यांच्या आधी अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांचा अनुभव त्या मानाने तोकडा होता. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील सरकार उलथवण्याची 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम त्यांच्या अंगाशी आली, पण त्यांनी जबाबदारी उघडपणे स्वीकारली. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबात असल्याचे उघड झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी मोकळेपणाने वाद घालावा म्हणून ते काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले. सेनाप्रमुख हवाई हल्ल्याचा आग्रह धरत असतानाही त्यांनी सागरी नाकेबंदीचा मार्ग निवडला. २७ ऑक्टोबरला क्यूबावर अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. असे घडल्यास प्रत्युत्तर द्यायचे, हे आधी ठरलेले होते, तरीही केनेडी थांबले, आणि त्याच रात्री त्यांच्या भावाने सोव्हिएत राजदूतांची भेट घेऊन तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन दिले.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिपब्लिकन प्रशासनांत काम केलेल्या ५० माजी सुरक्षा अधिकाऱ्यांनी आपल्याच पक्षाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. त्या पत्रात अनुभवाच्या अभावावर बोट होतेच, पण मला महत्त्वाचे वाटले ते स्वभावाविषयीचे आक्षेप: स्वतःवर ताबा नाही, व्यक्तिगत टीका सोसत नाही, वेगळ्या मतांना वाव दिला जात नाही. मतदारांनी त्यांना तरीही निवडून दिले, २०२४ मध्ये पुन्हा दिले, आणि तो त्यांचा अधिकार आहे. मात्र हे आक्षेप मला पटले होते आणि आजही पटतात, आणि कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला मी हेच निकष लावीन.

वादसभेत एखाद्या देशाच्या नेत्याचे नाव उमेदवाराला आठवले नाही तर वर्तमानपत्रे रकाने भरतात. मला ती चूक क्षुल्लक वाटते, कारण नाव सांगणारे सल्लागार मिळतात. अण्वस्त्रे डागण्याचा आदेश देताना मात्र अमेरिकेच्या अध्यक्षाला काँग्रेसची किंवा मंत्रिमंडळाची संमती घ्यावी लागत नाही, आणि निर्णयासाठी त्याच्या हाती कदाचित काही मिनिटेच असतात. म्हणून प्रचारात उमेदवाराचे भाषण संपल्यावर अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला तो काय उत्तर देतो, आणि आधी मतभेद दाखवून दूर झालेल्या सहकाऱ्यांबद्दल तो कोणत्या शब्दांत बोलतो, एवढे मी नाशिकला बसून लक्ष देऊन ऐकतो.