आमची वाटचाल : शेतकरी बाजारातले बिगरशेतकरी

वाल सोलायला नखं लागतात. धंद्याचं भांडवल म्हणाल तर सुरुवातीला आमच्याकडे तेवढंच होतं, माझी दहा आणि जाऊबाईंची दहा. ठाण्याच्या नौपाड्यातलं दोन खोल्यांचं घर, दोन मोठी पातेली, मोड आणायला एक जुना पंचा. बिरडं कुणाला नको असतं? पण वाल भिजवा, बांधून ठेवा, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोला, हे सव्वासातच्या लोकलने घरी येणाऱ्या बाईने करायचं कधी? 2014 मध्ये आम्ही शेजारच्या चार घरांना पाव-पाव किलो डाळिंब्या द्यायला लागलो. वाल जांभळी नाक्यावरून आणायचे, रात्री टीव्हीसमोर बसून सोलायचे. याला धंदा म्हणतात हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

2016 च्या जुलैत सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. शेतकऱ्याला वाशीच्या घाऊक बाजाराची वाट न धरता शहरात थेट विकायची मोकळीक मिळाली आणि ठिकठिकाणी आठवडे बाजार सुरू झाले. आमच्या भागातही एका मैदानात रविवारचा बाजार भरू लागला. आम्ही दोघी हौसेने टेबल मागायला गेलो. चालवणाऱ्यांनी विचारलं, "ताई, सातबारा?"

आता सातबारा कुठून आणणार? आमच्या नावावर गॅलरीतली तुळस तेवढी.

परत निघालो होतो, तेवढ्यात रोह्याकडून आलेले एक काका दिसले. समोर कडव्या वालांचं अख्खं पोतं आणि गिऱ्हाईक कुणी नाही. येणारा वाल हातात घेऊन बघायचा, "छान आहेत हो" म्हणायचा आणि पुढे जायचा, कारण सोलणार कोण! आम्ही काकांकडून पाच किलो घेतले, पुढच्या रविवारी सोलून त्यांच्याच टेबलाच्या कडेला घमेलं मांडलं. दहाच्या आत संपलं. पाटी जाऊबाईंनी रंगवली, 'वाल काकांचे, नखं आमची.' ती पाटी अजून आहे, फक्त रंग दोनदा दिला.

सगळ्यांना हे रुचलं नव्हतं. मुरबाडहून भेंडी आणणारे एक दादा सरळ म्हणाले, "आज या सोललेले वाल आणतायत, उद्या कुणी वाशीचे टोमॅटो आणून शेतकरी म्हणून बसेल." तेव्हा राग आला. पण वर्षभरात खरंच एकजण सफरचंदं घेऊन बसला. ठाणे जिल्ह्यातली सफरचंदं! मग नियम ठरला, की तयार पदार्थ विकायचा तर त्याचा मुख्य कच्चा माल याच बाजारातल्या शेतकऱ्याकडून घेतलेला हवा. या नियमापायी आमची ओल्या नारळाची चटणी बंद झाली आणि ती चांगली खपत होती. तरीही सांगते, या बाजारातला सगळ्यात शहाणा नियम तोच.

वर्षभराचं आमचं गणित ठरतं ते फाल्गुन-चैत्रात. पावसाळी भात निघालं की काका जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. वर पाणी नाही, दवावर पीक येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणी झाली की राख चोळून पोती भरायची आणि वर्षाचा माल आम्ही तेव्हाच उचलायचा. त्याच सुमाराला मैदानाचा रंग बदलतो. पहाटे टेम्पो येतात तेव्हा अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आधी दिसतात आणि वास त्याहून आधी येतो. पोपटी कैऱ्या, भाजीची कुयरी म्हणजे कोवळे फणस, ओले काजूगर (यांचा भाव विचारून लोक दोन पावलं मागे सरकतात आणि परत येतात). पाडव्याआधीच्या रविवारी कडुनिंबाचे डहाळे, आंब्याचे टाळे, झेंडू. येऊरच्या पाड्यांवरच्या मावश्या फाटकाबाहेर जमिनीवरच पानं अंथरतात, कारण टेबलाचं भाडं त्यांना परवडत नाही. ज्यांच्याकडे खरा रानमेवा, त्या बाहेर आणि सोललेले वाल आत, हे मला अजून पटलेलं नाही. दर बैठकीत मी ते बोलते. आता त्यांना आत कोपरा मिळालाय, तोही फक्त मे महिन्यात, करवंदांच्या वेळी.

उकाड्यात वालांचं तंत्रही बदलतं. थंडीत मोड यायला दोन रात्री लागतात, चैत्रात एक रात्र पुरते. दुपारपर्यंत पंच्यात विसरलात तर चिकट होऊन आंबूस वास येतो आणि सगळं पातेलं फेकावं लागतं. आम्ही दोनदा फेकलंय.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवांनी आम्हाला पन्ह्याच्या वाटेला लावलं. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी आंबेडाळ आणि पन्हं. काकांच्या शेजारच्या टेबलावरून कैऱ्या घेतल्या, उकडल्या, गूळ-वेलची घालून बाटल्या भरल्या. पहिल्या वर्षी झोकात खपल्या. मग पाचपाखाडीतल्या एका काकूंचा फोन आला. बाटलीचं झाकण उडून पन्हं छताला लागलं होतं, आंबलेलं. त्यांच्याकडे जाऊन छत पुसून आलो, पैसे परत दिले आणि उरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. तेव्हापासून पाणी न घातलेला गरच विकतो, बर्फाच्या पेटीतून, चार दिवसांत संपवा अशी चिठ्ठी लावून. त्याच धड्यानंतर अन्नसुरक्षेची नोंदणी केली. वर्षाचे 100 रुपये फी आणि चौदा आकडी नंबर, एवढंच होतं ते. आधीच करायला हवी होती.

2018 च्या पाडव्याच्या आठवड्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तोवर आमचे वाल पिशवीत जायचे. डबा आणा म्हटल्यावर पहिले दोन महिने विक्री निम्म्यावर आली, मग लोक सरावले.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिला दिवस. घरात काकांचे तीन क्विंटल वाल, निम्मे पैसे द्यायचे बाकी आणि सोलायला येणाऱ्या बायका कळव्यात अडकलेल्या. बाजारातल्या शेतकऱ्यांनी परवाने काढून सोसायट्यांच्या फाटकावर टेम्पो न्यायला सुरुवात केली, तेव्हा भेंडीवाल्या दादांचाच फोन आला, "तुमच्या वहीत घरं किती?" वहीत 140 होती. भाजीची यादी आम्ही फोनवर घ्यायची, माल त्यांनी पोचवायचा, सोबत आमचे सुके वाल आणि मोड कसे आणायचे याची चिठ्ठी. त्या उन्हाळ्यात अख्ख्या पाचपाखाडीने स्वतः वाल सोलले. तेव्हापासून आमच्या भावावर कुणी घासाघीस केलेली नाही.

एका मोठ्या दुकानसाखळीनेही मध्ये बोलावलं होतं. साठ दिवसांची उधारी आणि न खपलेला माल परत. सोललेले वाल परत घेऊन आम्ही काय करणार, हे त्यांना विचारलं तर उत्तर नव्हतं. तीन महिन्यांत ते प्रकरण मिटवलं.

आज कळव्यात छोटा गाळा आहे, सहाजणी आहेत, मजुरी किलोवर. माझ्या नखांना आता जोर राहिला नाही, मी हिशेब बघते. काका थकलेत, मुलगा टेम्पो घेऊन येतो. यंदा त्याने निम्म्या जमिनीत कलिंगड लावलं. पैसा लवकर येतो, त्याचंही खरं आहे. उरलेल्या निम्म्या जमिनीतले सगळे वाल आम्ही पेरणीआधीच बोलून ठेवले, निम्मी रक्कम आगाऊ देऊन. एवढं धाडस याआधी केलं नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी स्वागतयात्रेमुळे तलावपाळीकडचे रस्ते बंद असतात, टेम्पो येऊ शकत नाही. म्हणून टेबल आदल्या दिवशी लागेल, सकाळी साडेसहापासून. कैरीचा गर आणि वाल दोन्ही असतील. डबा आणा, आणि वाल हवे असतील तर नऊच्या आत या.