१९ जुलै, यॅलोबाईंचा वाढदिवस

रविवार, रात्री

रक्तातलं इन्शुलिन मोजायची रीत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो यांचा आज जन्मदिवस. जन्म १९२१चा, न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधला. टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढायला बसले होते तोही हाच उन्हाळा. त्या अर्काने, म्हणजे त्यातल्या इन्शुलिनने, मधुमेहाची माणसं वाचतात हे पुढच्याच वर्षी दिसलं. पण रक्तात इन्शुलिन मुळात असतं किती, हे नेमकं सांगायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. उपाशीपोटी एक मिलिलिटर रक्तद्रवात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात) ते एका नॅनोग्रॅमच्याही, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही, खाली असतं. मधुमेहाच्या संशोधनात उतरणाऱ्या मुलामुलींनी बँटिंगच्या आधी यॅलोबाई वाचाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

बाई अणुभौतिकीच्या. पीएचडी १९४५, इलिनॉय विद्यापीठ. १९४७पासून ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात; प्रयोगशाळेसाठी मिळाली ती झाडू-बादल्या ठेवायची खोली. १९५०मध्ये डॉ. सॉलोमन बर्सन आले. त्यांनी बाईंना वैद्यक शिकवलं, बाईंनी त्यांना भौतिकी आणि गणित.

तेव्हा एक मत असं होतं, की प्रौढांच्या मधुमेहात इन्शुलिन शरीरात फार लवकर मोडून पडतं. तपासायला दोघांनी इन्शुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडलं, टोचलं आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं ते पाहिलं. निघालं उलटंच. ज्यांनी आधी इन्शुलिन घेतलेलं होतं, त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळलं. मधुमेह नसलेल्या, पण मानसिक आजारावरचा उपचार म्हणून इन्शुलिन दिलेल्या रुग्णांतही तेच. म्हणजे कारण आजारात नव्हतं, आधीच्या इंजेक्शनांत होतं. इन्शुलिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झाली होती. एवढ्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं होतात हे तज्ज्ञांना पटेना. लेख परत आला. १९५६मध्ये छापला तो शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ शब्द काढून. परत आलेल्या लेखासोबतचं पत्र बाईंनी जपून ठेवलं आणि नोबेलच्या व्याख्यानात दाखवलं.

त्यातूनच मोजायची रीत निघाली. एसटीत जागा ठरावीक असतात, तशी नळीत प्रतिपिंडं मोजकीच ठेवायची, इतकी की खुणेच्या (किरणोत्सारी) इन्शुलिनपैकी साधारण निम्मंच बसावं. मग रुग्णाचं रक्तद्रव घालायचं. त्यातलं बिनखुणेचं इन्शुलिन त्याच जागांसाठी झगडतं. ते जितकं जास्त, तितकं खुणेचं उभं राहतं. थंड जागी काही दिवस ठेवून बसलेलं आणि उभं राहिलेलं वेगळं करायचं. यॅलो-बर्सन यांनी त्यासाठी कागदाची पट्टी वापरली: सुटं इन्शुलिन सुरुवातीच्या रेघेलाच चिकटतं, प्रतिपिंडाला बांधलेलं पुढे सरकतं. दोन्ही तुकड्यांचा किरणोत्सर्ग मोजायचा आणि माहीत असलेल्या मात्रांच्या आलेखावर उत्तर वाचायचं. प्रतिपिंडं गिनिपिगकडून घेतली, कारण त्याचं स्वतःचं इन्शुलिन गाय-डुकराच्या इन्शुलिनहून बरंच वेगळं. परकं म्हणून तो जोरदार प्रतिकार करतो.

बिघडतं कुठे? प्रतिपिंडं जास्त घातली की सगळ्यांना जागा मिळते, आणि थोड्या इन्शुलिनचा फरक दिसेनासा होतो. एका रेणूवर आयोडीन जास्त चढलं की तो रेणू खराब होतो, प्रतिपिंड त्याला नीट ओळखत नाही. रुग्ण आधीपासून इन्शुलिन टोचत असेल तर त्याचीच प्रतिपिंडं नळीत येऊन हिशेब बिघडवतात. अशा वेळी सी-पेप्टाइड मोजावं, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन बनवताना सुटणारा तुकडा. आणि सगळ्यात नेहमीची चूक: रक्त घेताना लाल पेशी फुटणं. त्यांच्यात इन्शुलिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आकडा खोटा खाली येतो. रक्तद्रव गुलाबी दिसलं तर तो नमुना टाकून द्यावा. यंत्रं बदलली, किरणोत्सारी आयोडीन बहुतेक ठिकाणी गेलं, तरी हा नियम तसाच आहे.

१९६०मध्ये निष्कर्ष आले. प्रौढ मधुमेहींच्या रक्तात, ग्लुकोज पाजल्यावर, इन्शुलिन निरोग्यांपेक्षा कमी नव्हतंच. बहुतेकदा जास्त होतं. तरीही साखर उतरत नव्हती. आज ‘इन्शुलिनला दाद न देणं’ हे शब्द दवाखान्यात रोज ऐकू येतात. त्यामागचा मोजलेला पुरावा हा.

पेटंट घेतलं नाही दोघांनी. बर्सन १९७२मध्ये गेले. आपल्या लेखांवर त्यांचं नाव येत राहावं म्हणून बाईंनी प्रयोगशाळेलाच ते नाव दिलं. १९७७च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा बाईंना मिळाला (उरलेला गिलेमिन आणि शॅली यांना), बर्सन यांना नाही, कारण गेलेल्या माणसाला ते देत नाहीत. हे वाचताना दर वेळी मन जड होतं.

आपल्याकडची गोष्टही इथेच जोडलेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण पुण्याच्या बाळांनी वजनाच्या मानाने चरबी राखलेली. पुढे पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा लहानखुऱ्या पुणेरी बाळांतच इन्शुलिन जास्त निघालं. असा नमुना घेताना नाळ पिळायची नाही, पेशी फुटतात. सुईने शिरेतून हळू ओढायचं, नळी लगेच बर्फात ठेवायची आणि रक्तद्रव शक्य तितक्या लवकर वेगळं करायचं.