मोसंबी काय फक्त दवाखान्यातच न्यायची?

आमच्याकडे कुणी अ‍ॅडमिट झालं की भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत काय असतं तर मोसंबी, आणि मग त्या पेशंटच्या कॉटखाली मोसंब्यांचा ढीग लागतो. ताप आला मोसंबी, बाळंतीण आहे मोसंबी, उपास सोडायचाय मोसंबी. चांगल्या धडधाकट माणसाने भर उन्हाळ्यात हौसेने मोसंबी खाल्ली असं मी आजूबाजूला फार कमी बघितलंय. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मामाची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे आणि मी लहानपणची प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी त्या झाडांखाली काढलीये. जालन्याच्या मोसंबीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे हो, आणि आपण ती फक्त आजाऱ्याला पाजतो.

तर आज ज्या फ्रूट सॅलडबद्दल लिहितेय त्यातलं मुख्य काम मोसंबीचं आहे. आधीच सांगते, हे कस्टर्डवालं नाही. आपल्याकडे फ्रूट सॅलड म्हटलं की डोळ्यासमोर लग्नातली ती पिवळी गार वाटी येते, दुधात कस्टर्ड पावडर आणि त्यात केळं, सफरचंद, द्राक्षं, वरून डाळिंबाचे दाणे, सोबत पुरी. ते मला आवडतंच, लग्नात मी दोनदा घेते. पण मे महिन्यात संभाजीनगरला पारा ४२ वर गेलेला असतो, दुपारी पंख्याखाली बसलं तरी वारा गरमच लागतो, तेव्हा दूध नि साखर नको वाटतं, खाल्ल्यावर अर्ध्या तासात परत तहान लागते. तेव्हा हवं असतं काहीतरी पाणीदार, थोडं आंबट, थोडं खारट. आणि आंबट रस म्हटला की दूध आपोआप बाद, कारण ते फाटणार.

मी हे पहिल्यांदा केलं ते लिंबाने. फळं चिरायची, लिंबू पिळायचं, काळं मीठ, चाट मसाला, झालं. मग २०२२ चा एप्रिल आला, आठवत असेल सगळ्यांना, एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना होतं आणि बाजारात ते घासाघीस करून घ्यायलाही जीव होत नव्हता. त्याच आठवड्यात मामाने एस्टीने मोसंबीची गोणी पाठवली होती, घरात मोसंबी पडलेली आणि मी लिंबासाठी रडतेय, तेव्हा डोक्यात आलं की अरे हिचाच रस घालून बघू.

आणि पहिल्या वेळी साफ फसलं. संध्याकाळी घरी आठ माणसं जेवायला येणार होती म्हणून मी दुपारी दोनलाच सगळं चिरून, सहा मोसंब्यांचा रस मिक्सरमधून काढून गाळून, मीठ बिठ घालून, पातेलं फ्रीजमध्ये ठेवून मोकळी झाले. रात्री आठला झाकण काढलं तर केळं काळं पडलेलं, टरबूज स्वतःच्याच पाण्यात पोहत होतं आणि एक घास तोंडात घातला तर कडू. बारीक कडवट नाही, गिळताना मागे जिभेवर चिकटून राहतो तसा कडू. मला वाटलं मोसंबीच खराब निघाली. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "काय करायलीस गं, मोसंबीचा रस काय ठिवून द्यायची गोष्ट हाय का? काढला की पिऊन टाकायचा." इतकं साधं. रसवंतीवाला सुद्धा ग्लास समोरच भरून देतो, पण आपण त्याचा विचारच केलेला नसतो.

नंतर मी यावर वाचलं. मोसंबीच्या फोडीत आणि बियांत एक पदार्थ असतो जो मुळात कडू नसतो, पण फळ पिळलं, पेशी फुटल्या की तो रसातल्या आम्लात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं, आणि ते लिमोनिन कडू. म्हणजे ताजा रस गोड आणि तोच रस काही तासांनी कडू, यात फळाचा दोष नाही. मिक्सरमध्ये बिया फुटल्या, पांढरा भाग वाटला गेला की हे अजूनच जास्त होतं. आणि गरम केलं तर आणखी लवकर! हेही मी करून बघितलंय, परदेशी रेसिपीत संत्र्याचा रस आटवून पाक करतात तसा मोसंबीचा आटवला आणि सगळा फेकावा लागला. तेव्हा मोसंबी उकळू नका, आटवू नका, हातानेच पिळा, आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं पिळा.

आता ड्रेसिंग. ड्रेसिंग हा शब्द मामीला सांगितला तर ती हसते, ती त्याला "वरचा रस" म्हणते आणि मलाही तोच आवडतो. सहा जणांसाठी चार मोसंबी घ्या, हातात जड लागणारी, सालीवरून अंगठा फिरवला तर पातळ वाटणारी. हिरवी दिसली म्हणून सोडू नका, आपल्या गरम हवेत मोसंबी आत पिकते तरी साल हिरवी राहू शकते, साल पिवळी पडायला रात्री गार लागतात. आडवी कापायची, काचेच्या त्या उंचवट्याच्या भांड्यावर पिळायची, फार पिळून पिळून शेवटचा थेंब काढायचा नाही कारण शेवटी पांढऱ्या भागाचं पाणी येतं. गाळून घ्यायचं. नुसता हा रस फळांवर घातला तर सपक लागतो, आणि इथेच बरेच जण फसतात, मोसंबीत गोडी भरपूर पण आंबटपणा फारच कमी असतो. म्हणून एक लिंबू हवंच. एक लिंबू, पण त्याची साल आधी बारीक किसणीवर अगदी वरवर किसून घ्या, फक्त पिवळा पापुद्रा, पांढरं लागलं की थांबायचं. लिंबाचा वास रसात नसतो तेवढा सालीतल्या तेलात असतो. ही चिमूटभर किसलेली साल रसात पडली की किचनभर वास सुटतो. मग आल्याचा रस अर्धा चमचा, मध एक चमचा, भाजून कुटलेलं जिरं पाव चमचा, पुदिन्याची दहाबारा पानं हातानेच तोडून. सुरीने चिरलीत तर ती लवकर काळी पडतात. मिरी मी दोनतीन दाणे कुटून घालते. चाट मसाला मात्र आता बंद केलाय, त्यातल्या आमचुराने मोसंबीची चव पार झाकून जाते.

फळांचं म्हणाल तर दोन फळं मी सोडत नाही, टरबूज आणि खरबूज. पुण्याकडचे लोक कलिंगड म्हणतात, आम्ही टरबूजच म्हणतो. टरबुजात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं त्यामुळे ते सॅलडचं अंग आहे, आणि खरबूज हा वास. टरबूज घेताना मामा ते उलटं करून पोटावरचा डाग बघतो, जमिनीला टेकलेली जागा लोण्यासारखी पिवळी असली तर वेलावर पिकलेलं, पांढरीफट्ट असली तर लवकर तोडलेलं. खरबूज देठाकडून हुंगायचं, वास आला नाही तर ठेवून द्यायचं, घरी आणून ते गोड होत नाही. पपई घालायची तर जरा घट्टच, मऊ झाली की सगळा रस गढूळ करते. एप्रिलपर्यंत काळी द्राक्षं मिळतात ती अर्धी कापून. काकडी नक्की घाला, फळांत काकडी कशाला असं माझ्या नवऱ्याने पण विचारलं होतं, आता काकडी नसली तर तोच विचारतो. आणि कैरी! अर्धी कैरी, बारीक बारीक तुकडे, सगळे मिळून मूठभरच, मध्येच एखादा दाताखाली आला की डोळे मिटतात. मेच्या शेवटी आपला केसर आला की मग कैरी बंद आणि केसरच्या फोडी.

चिकू नको. मला चिकू अतिशय आवडतो, पण आंबट रसात तो बिचारा चिखल होतो आणि त्याची स्वतःची चवही जाते, तो नुसताच खावा. केळं घालायचंच असेल तर अगदी वाढताना, आणि चिरल्या चिरल्या त्या लिंबू-मोसंबीच्या रसात बुडवायचं, केळं-सफरचंद हवेने काळं पडतं ते आंबटाने थांबतं. माझ्या पहिल्या वेळी रस असूनही केळं काळं पडलं कारण मी ते सगळ्यात वर ठेवलं होतं, रस खाली आणि केळं कोरडंच.

मीठ शेवटी. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. मीठ पडलं की फळ आपलं पाणी सोडायला लागतं, कोशिंबिरीच्या काकडीचं होतं तेच. त्यामुळे फळं मोठ्या पातेल्यात चिरून, मिठाशिवाय, रसाशिवाय, झाकून फ्रीजमध्ये दोनेक तास ठेवा, रस वेगळा आयत्या वेळी करा, गारेगार फळांवर ओता, दोन चिमटी पादेलोण (काळं मीठ) टाका, हाताने खालून वर एकदा हलवा आणि ताबडतोब वाढा. चमच्याने ढवळलं की टरबुजाचे कोपरे मोडतात. मामाकडे फ्रीज उशिरा आला, तोवर टरबूज पहाटे हौदात सोडायचे आणि वर ओलं गोणपाट, दुपारी काढलं की इतकं गार की दात शिवशिवायचे.

मामाच्या बागेचं थोडं सांगते. मोसंबीला वर्षात बहार धरायला झाडाला आधी तहानेलं ठेवावं लागतं, त्याला ताणावर सोडणं म्हणतात. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये पाणी तोडायचं, पानं मलूल होतात, काही गळतात, मग जूनचा पाऊस पडला की झाड फुलाने भरतं आणि ती फळं पुढच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणीला येतात. आपल्या उन्हाळ्याच्या सॅलडमध्ये असते ती हीच मोसंबी. पण हा ताण आपण ठरवून द्यायचा असतो. २०१२ ला पाऊसच झाला नाही आणि २०१३ च्या उन्हाळ्यात विहिरीत गाळ दिसायला लागला. आमच्या भागात लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवल्या, कित्येकांनी कुऱ्हाड लावली. मामाची साडेचारशे झाडं होती. त्याने पावणेदोनशे निवडली आणि टँकरचं पाणी फक्त तेवढ्यांनाच दिलं, बाकीची डोळ्यासमोर वाळली. कोणती ठेवायची हे ठरवताना तो दोन दिवस बागेत नुसता फिरत होता, जेवायला सुद्धा आला नाही. मामी सांगते, "लेकरांपेक्षा जास्त पाणी पाजलं त्यांला." पुढे पाऊस झाल्यावर नवीन कलमं लावली, रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बांधून केलेली, त्यांना फळ धरायला चारपाच वर्षं गेली. माझ्याकडे येणाऱ्या गोणीत आता दोन्हीकडची फळं असतात, जुन्या झाडांच्या फळांची साल पातळ, मला हाताला कळते.

यावर्षी एप्रिलमध्ये मामा दवाखान्याच्या कामाने माझ्याकडे दोन दिवस राहिला होता. दुपारी जेवण नको म्हणाला, ऊन लागलं होतं. मी हेच केलं, टरबूज, खरबूज, काकडी, कैरी, आणि वरचा रस त्याच्यासमोर बसून पिळला. त्याने आधी एक फोड खाल्ली, मग दुसरी, मग वाटी संपल्यावर तळाशी जो गुलाबी रस राहतो ना, टरबुजाचं पाणी, मोसंबी, जिरं सगळं मिळून झालेला, तो वाटी तोंडाला लावून प्यायला. मग म्हणाला, "ही वरच्या वावरातली हाय." वरच्या वावरातली म्हणजे त्या पावणेदोनशेतली.

तो तळाचा रस टाकू नका. आमच्याकडे आता त्यासाठी मुलांची भांडणं होतात, म्हणून मी मुद्दाम एक मोसंबी जास्त पिळते आणि उरलेला छोट्या ग्लासात समान वाटते, बर्फाचा एकेक खडा टाकून. गोणीतली शेवटची पाच मोसंबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत, आता आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या दुसऱ्या बहाराची मोसंबी यायला ऑगस्ट उजाडेल. चार रविवारी पिळणार, नणंद येतेय. पाचवी मी ठेवलीये, मीठ लावून, नुसती सोलून खायला.