जुना टँक, खचलेला डेक आणि एकच गळती

घराबरोबर आलेला हा स्विमिंग टँक साधारण तीस वर्षांचा आहे. बांधणी काँक्रीटची, आतून पांढरं सिमेंट आणि संगमरवरी भुकटीचा गिलावा. लांबी ९ मीटर, रुंदी साडेचार, पाणी उथळ टोकाला १.१ आणि खोल टोकाला १.९ मीटर. सरासरी दीड मीटर धरली तर साठ हजार लिटरच्या थोडं वर. काम हातात घेतलं तेव्हा पाण्याच्या रेषेवरच्या ३४ टाइल्स निखळल्या होत्या, कोपिंगला (टँकच्या काठावरच्या पट्टीला) तीन ठिकाणी चिरा होत्या, डेकचे म्हणजे टँकभोवतीच्या काँक्रीटच्या जमिनीचे दोन पट्टे टँककडे कलले होते, गिलाव्यावर डाग होते आणि दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची भर घालावी लागत होती. मी ही पाच वेगळी कामं समजत होतो. आता दोन महिन्यांनंतर सांगतो, त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी होतं.

पैसे मोजके होते. नवा गिलावा आणि नवा डेक दोन्ही झेपणारं नव्हतं. म्हणून आधी एवढंच ठरवलं की पाणी कुठे जातंय ते कळेपर्यंत सिमेंटची गोणी फोडायची नाही.

गळतीचा माग

बादलीची चाचणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल, तरी नव्या मंडळींसाठी लिहितो. टँकच्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात टँकचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरायचं आणि आत-बाहेर दोन्हीकडे खूण करायची. २४ तासांनी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं बाष्पीभवन. टँकची पातळी त्याहून जास्त उतरली असेल तर ती गळती. माझ्याकडे बादली ४ मिलिमीटर उतरली आणि टँक ११. मधले ७ मिलिमीटर म्हणजे या आकाराच्या टँकमधून रोज साधारण २८० लिटर पाणी जमिनीत.

हीच चाचणी पंप चालू ठेवून आणि बंद ठेवून अशी दोनदा केली. पंप चालू असताना फरक वाढला असता तर परतीच्या पाइपवर (फिल्टरमधून पाणी टँकमध्ये परत आणणाऱ्या) संशय घेतला असता, कारण तिथे पाणी दाबाखाली असतं. पण फरक तेवढाच राहिला. मग पंप बंद केला, भर घालणं थांबवलं आणि वाट पाहिली. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त उत्तरं यानेच दिली. आठव्या दिवशी पाणी स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा पाण्याबरोबर ओढून घेणाऱ्या, भिंतीत बसवलेल्या खोक्याच्या) तोंडाच्या खालच्या कडेला आलं आणि तिथून पुढे टँक आणि बादली बरोबरीने उतरू लागले. गळती त्या पातळीवरच होती. थोडं पाणी चढवून, ते पूर्ण संथ होऊ दिलं आणि सुई काढलेल्या सिरिंजने स्किमरच्या तोंडाशी गडद रंगाचा एक थेंब सोडला. रंग तिथे तरंगत राहिला नाही. बारीक दोऱ्यासारखा होऊन स्किमर आणि भिंतीच्या सांध्यात शिरला.

स्किमर प्लास्टिकचा आणि भिंत काँक्रीटची. ही दोन्ही उन्हाने सारखी फुगत नाहीत, त्यामुळे मधला सिमेंटचा भराव कधी ना कधी सुटतोच.

टँक रिकामा करण्याआधी

इथे घाई करू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा टँक होडीसारखा उचलला जाऊ शकतो, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो. मी खोल टोकाच्या बाजूला मातीच्या गिरमिटाने तळापेक्षा खोल भोक पाडलं, त्यात भोकं पाडलेला पाइप उभा केला आणि तीन दिवस पातळी बघितली. भोक कोरडं राहिलं, तेव्हाच उपसा सुरू केला. मुख्य निचऱ्याच्या खड्ड्यात खालच्या पाण्याचा दाब सोडणारी झडप असते. तिचं रबर कडक होऊन चिकटलेलं सापडलं, झडप बदलली. दिवस ढगाळ निवडले, कारण कडक उन्हात उघडा पडलेला जुना गिलावा वाळून सुटतो.

डेकखाली काय निघालं

कललेले दोन पट्टे बरोबर स्किमरच्या मागचेच होते. ते फोडले तर खाली माती नव्हतीच, वीतभर पोकळी होती. वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने माती धुऊन नेली होती. पट्टा खचला, त्याचा ढाळ टँककडे झाला आणि डेकवरचं प्रत्येक पाणी पुन्हा त्याच फटीत जाऊ लागलं.

त्यातच आधी कुणीतरी कोपिंग आणि डेकमधली फट सिमेंट मालाने पक्की भरून टाकली होती. दिसायला नीटनेटकं वाटतं, पण ती फट मुद्दाम ठेवलेली असते. सहा मीटरचा काँक्रीटचा पट्टा २५ अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. त्याला जागा मिळाली नाही की तो कोपिंगला ढकलतो आणि कोपिंगखालच्या टाइल्स सुटतात. माझ्या ३४ पैकी ३१ टाइल्स त्या भरलेल्या बाजूच्याच होत्या. हे मोजलं तेव्हा सगळा उलगडा झाला आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं. संपूर्ण डेक फोडायची गरज उरली नव्हती.

दुरुस्ती अशी केली. स्किमरभोवतीचा सुटलेला माल छिन्नीने काढला, जागा घासून कोरडी केली आणि इपॉक्सी पुट्टी दाबून भरली. पोकळीत खडी-मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून धुम्मस मारत भरला. त्यावर १० सेंटिमीटर काँक्रीट, ढाळ टँकपासून बाहेर, मीटरला २ सेंटिमीटर. पृष्ठभाग गुळगुळीत घोटला नाही, ओला असतानाच त्यावरून ताठ झाडू ओढला, म्हणजे ओल्या पायांना पकड मिळते. दुसऱ्या दिवशी जाडीच्या पाव भागाइतके काप दिले, म्हणजे चीर गेलीच तर त्या रेषेत जाईल. सात दिवस गोणपाट ओलं ठेवलं.

कोपिंगलगतची फट सगळीकडून मोकळी करायला चार दिवस गेले. या कामात सगळ्यात जास्त मेहनत इथे लागली. १२ मिलिमीटर रुंद फट, तळाशी फोमची दोरी, वर पॉलियुरेथेन सीलंट (रबरासारखा ताणला जाणारा भराव) ६ मिलिमीटर जाडीचा. जाडी रुंदीच्या निम्मी, आणि सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटला पाहिजे. तळाला चिकटला तर ताणला जात नाही, फाटतो. दोरी त्यासाठीच असते. सुरुवातीचे दोन मीटर मी सकाळच्या ओलीतच भरले आणि ते आठवड्यात उचकटले. काढून, सांधा दोन दिवस वाळवून पुन्हा भरले.

गिलावा

लेक हातोडीच्या दांड्याने भिंतीवर ठोकत गेली आणि पोकळ वाजेल तिथे खडूने गोल काढत गेली. शेवटी मोजलं तर पोकळ भाग एकूण पृष्ठभागाच्या एक पंचमांशाहून कमीच भरला, तोही मुख्यतः स्किमरच्या भिंतीला आणि पायऱ्यांवर. म्हणून पूर्ण गिलावा न करता तेवढाच भाग काढून नवा भरला. ठिगळं दिसतात. नवा भाग शुभ्र आहे, जुना पिवळट. मला चालतं, त्या पैशात डेकचा पाया झाला.

डागांसाठी पातळ आम्ल वापरलं, तेही जुन्या भागावरच. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, आम्लाची वाफ अडवणारा मास्क हवाच. तळाशी साचलेलं पाणी सोडा ॲशने निष्प्रभ करूनच उपसलं. हा धुवा प्रत्येक वेळी गिलाव्याचा थोडा थर खातो, म्हणून पुन्हा करायचा विचार नाही.

टाइल्सपैकी २६ साफ करून परत बसल्या. कमी पडल्या तिथे सगळ्या पायऱ्यांच्या कडांच्या टाइल्स काढून लावल्या आणि पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या गडद रंगाच्या बसवल्या. आता पाण्यात पायरी कुठे संपते ते स्पष्ट दिसतं. फिल्टरची वाळू बदलली. पंपाला फक्त नवं सील. कमी-जास्त वेगाचा पंप पुढच्या वर्षी घेईन. वेग निम्मा केला की वीज जवळपास एक अष्टमांश लागते, त्यामुळे त्याचा खर्च वसूल होईल याची मला खात्री आहे.

पाणी भरल्यावर

नळीच्या तोंडाला कापड गुंडाळून ती खोल टोकाला ठेवली आणि मध्ये न थांबता भरलं, नाहीतर नव्या गिलाव्यावर थांबलेल्या पातळीची रेघ उमटते. मिनिटाला २० लिटरच्या धारेने पन्नास तास लागले, रात्री आलटून पालटून उठलो. तिसऱ्या दिवशी पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा) ८.२ वर गेला होता. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, म्हणून हे अपेक्षित होतं. थोडं थोडं आम्ल देत ७.५ वर आणला. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) सध्या ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग, कॅल्शियम २४०. दिवसातून दोनदा गिलाव्यावर ब्रश चालू आहे, दोन आठवडे तरी चालेल.

काल बादली पुन्हा पायरीवर ठेवली होती. बादली ५ मिलिमीटर उतरली, टँकही ५.

दिव्याच्या खोबणीचं आणि धातूच्या भागांच्या अर्थिंगचं काम बाकी आहे. ते इलेक्ट्रिशियनच करणार, तिथे मी हात लावणार नाही. गिरमिटाचं भोक बुजवलेलं नाही, पाइपवर झाकण बसवलंय. पहिला मोठा पाऊस झाला की त्यातली पातळी मोजून इथे लिहीन.