कॅलिपर का सोडले? तुम्ही विचारलंत म्हणून

"चांगला चालत होतास की रे, मग सोडलंस का?" लग्नात, एसटी स्टँडवर, अगदी एकाच्या तेराव्याला जेवायला बसलो तिथेसुद्धा हे विचारून झालंय. आता एकदाच लिहितो.

अपघात कसा झाला ते तुम्हाला माहितीये, ते राहू दे. इजा डी-10 ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, आणि कम्प्लीट, म्हणजे पूर्ण. बेंबीखाली ना हालचाल ना सेन्सेशन. आता तुम्ही ज्याला चालणं म्हणता ते काय होतं बघा. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारे कडक आधार, त्यांचे पट्टे आवळायचे, गुडघ्याचं लॉक टक्कन पाडायचं, वॉकरवर हातांनी सगळं अंग उचलायचं, कंबर पुढे ठेवायची कारण ती मागे गेली की माणूस घडी होऊन खाली, आणि मग दोन्ही पाय एकदम पुढे फेकायचे. पाय कुठे चालत होते हो, खांदे चालत होते. अंगण ओलांडेपर्यंत शर्ट ओलाचिंब. आणि हात दोन्ही वॉकरला, म्हणजे चहाचा कपसुद्धा कुणीतरी तोंडाशी आणायचा. व्हीलचेअरवर मी स्वतः चहा करतो आणि आईला नेऊन देतो, ट्रेवरून, झाकणाच्या मगात, कारण मांडीवर सांडला तर भाजलेलं मला कळणार नाही.

मग लगेच मुरलीकांत पेटकरांची बातमी फॉरवर्ड होते. आमच्याच सांगली जिल्ह्यातले, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यातच राहिली, आणि 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण. मलाही अभिमान आहे. पण ते पदक पोहण्याचं आहे आणि कण्याला मार त्यांचा वेगळा, माझा वेगळा. जिद्दीने मज्जारज्जू जुळत असता तर आमच्या वॉर्डातली निम्मी पोरं पळत घरी गेली असती.

ताईच्या लग्नाचं मात्र सांगायलाच हवं. मंगलाष्टकांना उभा राहणार हे मीच ठरवलं होतं, मामांनी फक्त री ओढली. अंतरपाट धरला, मी लॉक पाडलं, उभा. मंगलाष्टकं किती लांबतात तुम्हाला ठाऊक आहे, त्यात आमच्या काकूंनी स्वतः रचलेली दोन कडवी होतीच. तळवे वॉकरवर घसरायला लागले तरी दर सावधानला एक हात सोडून अक्षता टाकल्या. ताईने बघितलं. आजूबाजूचे नवरानवरी सोडून माझ्याकडेच बघत रडत होते आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मग फोटो, मग जेवणं, बूट रात्रीपर्यंत पायातच.

रात्री स्पाझम सुरू झाले, म्हणजे स्नायूंचे आपोआप येणारे झटके. पाय असे उडायला लागले की कॉट हलत होती. मामा धावत आले, "जीव येतोय रे पायात!" आणि सगळ्या बिऱ्हाडाला उठवलं. मला माहीत होतं की हा जीव नव्हे, खाली कुठेतरी काहीतरी बिघडलं की असंच होतं, शरीराला ओरडायला दुसरी वाटच नाही. पण मामांचा चेहरा बघून बोललो नाही. सकाळी आईने मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर निघाली. आई काही बोलली नाही, मोजा तसाच हातात धरून बसली. पुढे ताप, ड्रेसिंग, हाडापर्यंत गेलंय का म्हणून एक्स-रे, टाच अधांतरी ठेवून काढलेले महिने आणि नुकतीच लागलेली नोकरी गेली. फिजिओ म्हणाल्या जखम भरेपर्यंत बूट बंद. जखम भरली. बूट मी परत घातले नाहीत.

घाबरलास म्हणा, हरकत नाही. तेव्हाचा मी तर याहून वाईट बोलतो, आळशी झालास म्हणतो. मी त्याला सांगतो, बाबा, खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, सगळं या खांद्यांवर आहे, ते म्हातारपणापर्यंत पुरवायचेत. तो म्हणतो, पण ताईचं लग्न तू उभ्याने बघितलंस ना? इथे माझी बोलती बंद होते. उभं राहणं मी सोडलेलं नाही, स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे अंगाला धरून उभं ठेवणाऱ्या चौकटीत, रोज उभा असतो, ते तुम्हाला दिसत नाही कारण तिथे कुणी व्हिडिओ काढत नाही. आता धाकट्याचं लग्न ठरतंय आणि आईने कॅलिपर माळ्यावरून काढून पुसून ठेवलेत, मी न सांगता. तिला अजून नको म्हटलेलं नाही.

आणि मामा, तो अक्षतांचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर परत परत टाकू नका. टाकलात तर निदान दुपारी टाका, ऑफिसात असताना बघून चिडता तरी येत नाही.