"सरळ मधून उतरून जा" – कयाकवर तीन दिवस आणि एक बंधारा

आधीच सांगतो, आत्ता खांदे भरून आलेत आणि डोकंही तापलेलंच आहे, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल. मी आणि एक मित्र, दोन सिंगल कयाक (एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या), तीन दिवस, साधारण ६५ किलोमीटर नदी. कयाक भाड्याने देणारा म्हणाला होता, "ग्रेड वन आहे हो, लहान पोरं जातात." वाटेत बंधारा वगैरे आहे का विचारलं तर म्हणाला, "आहे एक बारका, कमरेएवढा पण नाही, सरळ मधून उतरून जा."

ग्रेड वन वगैरे ऐकून निर्धास्त होऊ नका. १ ते ६ ची ती पट्टी मुख्यतः खळाळ किती अवघड आहे ते सांगते, म्हणजे लाटा, खडक, मधली वाट. बंधारा कुठे आहे, काल रात्री कुठलं झाड आडवं झालंय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

पहिल्या दिवशी चारच्या सुमारास पाणी एकदम संथ झालं. आम्ही खूश, म्हटलं चला, आता आराम. तेच तर लक्षण होतं! बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं म्हणून ते संथ होतं. वरच्या बाजूने आवाजही फारसा येत नाही, सगळा गडगडाट पलीकडे. दिसते ती फक्त नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत पट्टीने आखल्यासारखी एक आडवी रेघ, आणि त्या रेघेपलीकडे झाडांचे नुसते शेंडे, बुंधे नाहीत. बुंधे दिसेनासे झाले की पुढे जाणं थांबवा आणि काठ गाठा, मग पुढे काहीही असो. आम्ही शंभरेक मीटर आधीच डाव्या काठाला लागलो ते मित्राच्या हट्टामुळे, मी अजून थोडं पुढे जाऊ म्हणत होतो.

काठाने चालत जाऊन खाली बघितलं. उंची खरंच कमरेएवढी नव्हती, त्या बाबतीत माणूस खोटं बोलला नाही. पण पायथ्याशी पांढऱ्या फेसात एक निळा प्लास्टिकचा कॅन होता. तो वर यायचा, दोन-तीन हात प्रवाहाबरोबर पुढे जातोय असं वाटायचं, मग उलटा भिंतीकडे ओढला जायचा, पडणाऱ्या पाण्याखाली दाबला जायचा आणि परत तिथेच वर. दहा मिनिटं उभे राहून बघितलं, कॅन बाहेर आला नाही. पाणी वरून पडून तळाशी जातं आणि वरचा थर उलट भिंतीकडे फिरतो, शिवाय फेसात हवा इतकी की लाइफ जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही. नैसर्गिक धबधब्यात कुठेतरी फट असते जिथून पाणी निसटतं, इथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखं, निसटायला जागाच नाही. म्हणून जितका नीटनेटका, सरळ, देखणा बंधारा तितका वाईट. उंचीवर जाऊ नका.

मग काय, उचला. रिकामी कयाक पंचवीस किलोच्या आसपास, वर सामान, आणि पायवाट म्हणजे काटेरी झुडपं आणि चिखल. तीनशे पावलांना दीड तास लागला. भरलेली कयाक दोघांनी उचलायचा शहाणपणा करू नका, आधी रिकामी करा, दोन खेपा करा. छोटी दोन चाकांची गाडी मिळत असेल तर घ्याच, आम्ही "ग्रेड वन"वर विश्वास ठेवून घेतली नव्हती.

दुसरा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक खंड्या बराच वेळ आमच्या पुढे पुढे उडत होता, दर वळणावर थांबायचा, आम्ही जवळ गेलो की पुढे, आणि मग बहुतेक त्याची हद्द संपली म्हणून डोक्यावरून मागे निघून गेला. पाणमांजर दिसलं नाही, ओल्या वाळूत पावलं मात्र ताजी होती.

तिसऱ्या दिवशी वळणावर बाहेरच्या बाजूला पडलेलं झाड. बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो, काठ पोखरतो, झाडं पडतात तीही तिथेच आणि पाणी तुम्हाला नेतंही तिथेच, म्हणून वळण दिसलं की आधीपासूनच आतल्या बाजूला राहा. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस अडकतो. आपटणारच असं झालं तर झाडाकडे झुका, घाबरून उलट्या बाजूला झुकलात तर प्रवाह कयाकची कड पकडून उलटवतो. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, त्यामुळे "काल तर सहज निघालो होतो" हे पाणी वाढल्यावर चालत नाही.

उलटलात तर जोरदार पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला की पाणी वरून दाबतं. पाठीवर, पाय पुढे आणि वर, काठाकडे सरका. स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणून बसवायचं कापड) लावताना, तो सोडवायला ओढायचा पट्टा बाहेर आहे ना हे हाताने चाचपून बघा. मित्राचा एकदा आत राहिला होता, निघायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. रोजचं अंतर ठरवताना संथ पाण्यात तासाला चार-पाच किलोमीटर धरा, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. त्या माणसाने "रोज चाळीस सहज" सांगितलं होतं.

कयाक परत करायला गेलो तर तळाला ओरखडे म्हणून वेगळे पैसे आणि अर्ध्या दिवसाच्या उशिराचं पूर्ण दिवसाचं भाडं. ओरखडे आधीचे होते, पण घेताना फोटो काढले नव्हते, त्यामुळे तोंड गप्प. तुम्ही काढा, तळाचे, चारही बाजूंचे, त्याच्यासमोर. पैसे देताना बंधाऱ्याचा विषय काढला, विचारलं, तुम्ही स्वतः मधून उतरलायत का कधी? म्हणाला, "मी कशाला उतरतोय, मला पोहता येत नाही."