तुम्ही विचारलंत म्हणून : ते ८१ मिनिटांचं मी का ऐकतो

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये चहाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर कुणी भेटलं तर तिथंही, मला एक प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा बदलला तरी त्याचे दोन भाग ठरलेले. येस या इंग्लिश रॉक बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा अल्बम तू सारखा सारखा का ऐकतोस, आणि तो म्हणे आपल्या श्रुती-स्मृतींवर आहे, ते खरं काय. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो, कारण चहाच्या सुट्टीत हे पूर्ण होत नाही.

दुसरा भाग आधी घेतो. १९७३ च्या मार्चमध्ये येसचा आधीचा ड्रमर बिल ब्रुफर्ड याचं लग्न होतं, तिथं येसचा गायक जॉन अँडरसन याला किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडमधला तालवादक जेमी म्युर भेटला (हा गडी पुढं सगळं सोडून स्कॉटलंडच्या एका बौद्ध मठात गेला) आणि त्याच्याकडून अँडरसनला परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र कळलं. आपल्याकडे 'योगी कथामृत' म्हणून मिळतं तेच, मूळ इंग्रजी १९४६ चं. मग बँड जपानच्या टूरवर गेला, टोकियोच्या हॉटेलात हा ते पुस्तक वाचत बसला आणि पान ८३ वर त्याला एक तळटीप दिसली. शास्त्रांचे चार प्रकार, श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं, आणि त्यात धर्म, कायदा, वैद्यक, वास्तुकला, कला असं माणसाचं सगळं जगणं येतं, एवढीच काय ती माहिती. अँडरसन तेव्हा २८ वर्षांचा. त्याने गिटारवाल्या स्टीव्ह हाऊला बरोबर घेतलं, टूर चालू असतानाच रात्री हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून दोघं बसायचे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्यांचा संच, बाजारात. चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणं, प्रत्येक साधारण २० मिनिटांचं, चार शास्त्रांना चार.

मग हा वेदांवरचा अल्बम आहे का? नाही. माझा एक मित्र संस्कृत शिकवतो, तो म्हणाला की यात वेदाचं एक अक्षर नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कव्हरच्या आतल्या टिपणात बँडने स्वतःच लिहिलंय काय काय डोक्यात होतं ते. पहिली बाजू म्हणजे उमलत राहणारं फूल आणि त्यातून दिसत जाणारी साधी सत्यं, दुसरी म्हणजे लाखो वर्षं साठत आलेल्या माणसाच्या आठवणी आणि भीती, तिसरी आठवणींच्याही पलीकडच्या, हरवलेल्या संस्कृती, आणि चौथीत वाईट आणि निखळ प्रेम यांची झुंज. यात मीमांसा नाही, वेदान्त नाही. कव्हरवर रॉजर डीनने काढलेल्या चित्रात समुद्रतळासारख्या जागेत मासे तरंगतायत आणि मागं माया लोकांचं देऊळ आहे, म्हणजे भारत नावालासुद्धा दिसत नाही. त्यामुळे 'बघा, गोऱ्यांनी आपलं घेतलं' म्हणून जे छाती फुगवतात त्यांना मी दरवेळी सांगतो की ह्यात आपला म्हणून मिरवावा असा माल नाही, आणि त्यासाठी मी तो ऐकतही नाही.

पण 'एका तळटिपेवर ८१ मिनिटं म्हणजे थापा आहेत' असं कुणी म्हटलं की मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे कीर्तनकार काय करतो? चार ओळींचा एक अभंग घेतो आणि पूर्वरंगात त्याच्यावर तासभर उभा राहतो, आणि आपण म्हणत नाही की बुवा, अभंग तर एवढासाच होता. ज्ञानेश्वरी ७०० श्लोकांवर ९००० च्या आसपास ओव्या आहेत. मूळ केवढंसं आहे यावरून वर बांधलेलं ठरत नाही, बांधणारा त्यातून काय काढतो त्याच्यावर ठरतं, आणि माझं म्हणणं असं आहे की येसने शब्दांतून फार काही काढलं नाही (अँडरसनचे शब्द नादासाठी निवडलेले असतात, सरळ अर्थ लावायला बसलात तर वैताग येईल) पण वेळेतून काढलंय. दुसरी बाजू ऐकताना आठवणींबद्दल तुम्हाला कुणी काही सांगत नाही. एक सुरावट येते, जाते, दुसरंच काही सुरू होतं, तुम्ही तिला विसरता, आणि बऱ्याच मिनिटांनी ती परत येते तेव्हा ती तीच असते पण तुम्ही मधे बरंच काही ऐकलेलं असतं म्हणून ती वेगळी लागते. आठवण येते म्हणजे हेच होतं की! हे तीन मिनिटांच्या गाण्यात करता येत नाही, कारण विसरायलाच वेळ मिळत नाही. आणि हे फक्त एका बाजूपुरतं नाही, आधीच्या बाजूंवरचे तुकडे चौथ्या बाजूत परत भेटतात, तेव्हा पाऊण तासापूर्वीचं काहीतरी अंगावर येतं. मला विचाराल तर या अल्बमचं तत्त्वज्ञान आहे ते इथं आहे.

गंमत म्हणजे ही दुसरी बाजू ज्याच्यामुळे उभी राहते तो कीबोर्डवाला रिक वेकमन, त्यालाच हा अल्बम आवडला नव्हता. मेलोट्रॉनचे (टेपवर धरलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) ते मोठे संथ पट्टे आणि त्यावर मूग सिंथेसायझरचा एकटा आवाज, असं काम करणारा माणूस म्हणत होता की एका एलपीला जास्त आणि दोन एलपींना कमी होईल एवढंच मटेरियल आहे, मग वाढवलंय. इंग्लंडात अल्बम पहिल्या नंबरला गेला तरी १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. त्याचं मी उडवून लावत नाही. एलपीच्या एका बाजूला २० मिनिटांच्या फार पुढं गेलं की खाचा बारीक कराव्या लागतात, आवाज उतरतो, म्हणजे गाण्याची लांबी काही प्रमाणात तबकडीने ठरवली, आणि चार प्रकारच्या शास्त्रांसाठी चारही बाजू भरायच्याच होत्या. तिसऱ्या बाजूची मधली काही मिनिटं मलाही भरतीची वाटतात. तिथं स्टील गिटार आणि तालवाद्यांच्या गलक्यात जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांतली सूर्याची नावं येतात, कल्पना चांगली आहे पण ऐकताना थकवते. शेवटी हाऊची साधी गिटार आणि अँडरसनचा आवाज एवढंच उरतं ते मात्र अप्रतिम आहे, त्याच्यासाठी मी तिसरी बाजू कधी सोडत नाही.

आता पहिला भाग, मी का ऐकतो. याचं उत्तर आमच्या घरातच आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफिलींना जाऊन जाऊन कान तयार झालेला माणूस. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं तेव्हापासून या गावात जयपूर-अत्रौलीची गायकी ऐकली जाते, अनवट राग, जोडराग, पटकन हाताला न लागणारी बांधणी, आणि ऐकणारे 'अवघड आहे' म्हणून उठून जात नाहीत, पुढं सरकून बसतात. अशा घरात मी वाढलो. तिकडच्या समीक्षकांनी या अल्बमवर जो मोठा आरोप केला, की गाणी फार लांब, फार अवघड, बँडला आपण कोण आहोत असं वाटायला लागलंय, तो मला लागूच होत नाही, २० मिनिटांत आमच्याकडे विलंबित कुठं नीट बसलेला असतो. फरक आहे तोही मोठा आहे, ख्याल त्या रात्री त्या बैठकीत वाढतो आणि हे सगळं बसवून, रेकॉर्ड करून पक्कं केलेलं आहे, पण थांबून ऐकायची सवय एकच लागते.

एकदा अण्णांना घेऊन बसलो आणि दुसरी बाजू पूर्ण ऐकवली. ते मधे एक शब्द बोलले नाहीत, संपल्यावर म्हणाले, "ह्यो राग मांडत न्हाई, पण धरलेलं सोडत बी न्हाई." मी आजवर या अल्बमबद्दल जे काही वाचलं त्यात मला हे सगळ्यात नेमकं वाटतं. तिसरी त्यांना नको झाली, स्पष्ट म्हणाले बंद कर. चौथीत ख्रिस स्क्वायरची बास गिटार जिथं एकटी पुढं येते आणि मग ॲलन व्हाइटचे ड्रम्स आणि बाकीचे तालवाद्यांवर तुटून पडतात (व्हाइटचा हा बँडबरोबरचा पहिलाच स्टुडिओ अल्बम), तो भाग त्यांनी परत लावायला सांगितला. कव्हरवर झुंज म्हणून लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलंही नव्हतं, आणि तरी म्हणाले की इथं कायतरी भांडण मिटतंय. एवढा गोंधळ झाल्यावर जेव्हा आवाज उतरतो आणि अँडरसन हळू गायला लागतो तेव्हा मला दरवेळी भरून येतं, आणि ते आधीची सत्तर-एक मिनिटं ऐकल्याशिवाय येत नाही, मी नुसता तो तुकडा लावून बघितलाय.

ज्यांना ऐकायचाय त्यांनी एवढं करा, गाडी चालवताना लावू नका आणि एका दमात चारही बाजू संपवायच्या मागं लागू नका, आधी दुसरी घ्या, ती दोन-तीनदा झाली की पहिली, मग चौथी, तिसरी शेवटी. आणि पहिली बाजू शक्यतो २००३ च्या रीमास्टरवरची (आवाज नव्याने साफ करून काढलेली आवृत्ती) ऐका, मूळ एलपीतून काढून टाकलेली सुरुवातीची दोनेक मिनिटं त्यात परत घातलीत, त्यामुळे अँडरसनचं ते मंत्र म्हटल्यासारखं सुरू होणारं गाणं एकदम अंगावर न येता हळूहळू जवळ येतं.